कोकणात प्रॅक्टिस करता करता कुत्र्या-मांजरांच्या कॅन्सरचं ऑपरेशन शिकायचं कसं?

देवगडची_डॉक्टर

नमस्कार. शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजातून बी.व्ही.एस्सी. करून पाच वर्षं झाली. त्यातली चार वर्षं देवगड तालुक्यात माझा स्वतःचा दवाखाना आहे. दोन खोल्या, एक स्टीलचं टेबल, एक मदतनीस. सुरुवातीला सगळी गुरं आणि शेळ्याच यायच्या. आता निम्म्याहून जास्त कुत्री-मांजरं येतात. लॉकडाऊनमध्ये मुंबई-पुण्याहून गावी आलेली माणसं परत गेली, त्यांची लॅब्रॅडॉर मात्र आजी-आजोबांच्या गळ्यात पडली. ही सगळी कुत्री आता उतारवयाला आलीत आणि गाठी घेऊन येतायत.

प्रश्नामागची गोष्ट सांगते. एक काकू त्यांची दहा वर्षांची पॉमेरेनियन घेऊन आल्या, नाव राणी. मागून दुसऱ्या स्तनात लिंबाएवढी गाठ होती. बोटांखाली छान हलत होती. भूल दिली, गाठ काढली, टाके घातले. वीस मिनिटांचं काम. काकूंनी हापूसची पेटी पाठवली. पाच महिन्यांनी राणी परत आली तेव्हा शेजारच्या दोन स्तनांत गाठी होत्या. एक फुटलेली, खोलीभर वास. मी गगनबावड्याच्या घाटाने कोल्हापूरला पाठवलं. तिथे छातीचा एक्स-रे काढला, दोन्ही फुप्फुसांत पांढरे गोळे. तिथल्या डॉक्टरांनी काकूंना एवढंच विचारलं, "पहिली गाठ तपासायला कुठे दिली होती?" काकूंनी तिथूनच मला फोन लावला. मी ती दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली होती. तपासायला द्यायची हे कॉलेजात वाचलं होतं, पण टेबलासमोर उभी असताना ते डोक्यातही आलं नाही.

तर ही सर्जरी नीट शिकायची तर रस्ता कोणता? एम.व्ही.एस्सी.ला, म्हणजे पुढच्या पदवीला, बसू? परदेशात फेलोशिप असते म्हणतात, ती माझ्यासारखीला मिळू शकते का? की चार-आठ दिवसांच्या वर्कशॉपवर भागेल? दवाखाना दोन वर्षं बंद ठेवणं परवडणार नाही, घरी तीन वर्षांचा मुलगा आहे. "खूप छान विचार मॅडम" अशी उत्तरं कृपया नकोत.

घाटावरचा_पशुवैद्य

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. चिरणं शिकाल हो, पण नंतर काय? रात्री सलाईन बघायला माणूस आहे? रक्त लागलं तर कुठून आणणार? गॅसची भूल आहे की अजून झायलाझिन-केटामिनच्या इंजेक्शनवरच चाललंय? दहा वर्षांच्या कुत्र्याला तीन तास त्यावर झोपवून दाखवा. आणि देवगडात कुत्र्याच्या कॅन्सरला पैसे मोजणारी गिऱ्हाइकं वर्षाला किती, पाच? गोव्याला पाठवून द्या आणि आपली झोप सांभाळा. मी तेच करतो.

बिनशिंगी_बैल

वरच्या डॉक्टरांचं भुलेबद्दलचं म्हणणं शंभर टक्के खरं. बाकीचं नाही.

डॉक्टर, तुला 'तू' म्हणतो, माझ्या धाकटीच्या वयाची आहेस. मी पशुधन विकास अधिकारी म्हणून निवृत्त झालो, आता चिपळूणला घराच्या पडवीत दवाखाना चालवतो. नोकरीची पहिली वर्षं घाटावर गेली. तिथे बैलांच्या शिंगांचा कॅन्सर इतका कापला की मित्रांनी हे नाव ठेवलं. शिंग एका बाजूला लवतं, नाकपुडीतून रक्त येतं, बैल डोकं झटकत राहतो. हा कॅन्सर शिंगाच्या आतल्या अस्तरात सुरू होतो, त्यामुळे बाहेर दिसेपर्यंत आत बरंच पोखरलेलं असतं. नुसतं शिंग छाटून उपयोग नाही, मुळाशी जावं लागतं. हे बैलात मला कळलं होतं. कुत्र्यात कळायला आणखी पंधरा वर्षं लागली, ती गोष्ट आधी सांगतो.

दाभोळच्या जेटीवर एका तांडेलाचा कुत्रा होता, वाघ्या. मांडीवर बाहेरच्या बाजूला गाठ. मी दाबून बघितली, म्हटलं चरबीची आहे. कातडी चिरली, बोट घातलं, आणि फणसाच्या गऱ्यातून आठळी सुटावी तशी ती अख्खी गाठ हातात आली. केवढा आनंद झाला होता! चार महिन्यांत परत आली. परत काढली, या वेळी गरा जरा चिकट होता. तिसऱ्यांदा आली तेव्हा मांडीवर ओढून शिवायला कातडीच उरली नव्हती. ती चरबीची गाठ नव्हती, सॉफ्ट टिश्यू सार्कोमा, म्हणजे मऊ ऊतींचा कॅन्सर होता. सार्कोमाभोवती जे गुळगुळीत आवरण लागतं ते खरं आवरण नसतंच. दाबल्या गेलेल्या पेशींचा थर असतो तो, आणि त्यात कॅन्सर असतो. आठळी काढली आणि गरा आत ठेवला, असं मी दोनदा केलं. वाघ्या माझ्यामुळे गेला असं तांडेल कधी म्हणाला नाही. त्याचंच जास्त लागलं.

आता राणी. कुत्रीच्या स्तनांतल्या गाठींपैकी ढोबळमानाने निम्म्या साध्या निघतात. त्या नुसत्या काढल्या तरी परत येत नाहीत, आणि त्यामुळेच आपला हात सोकावतो. मांजरीत मात्र दहातल्या आठ-नऊ वाईटच असतात, तिथे एकही गाठ हलकी समजू नकोस. लिंबाएवढी गाठ होती म्हणजे अख्खा स्तन, शेजारचा स्तन आणि जांघेतली लसिकाग्रंथी एवढा पट्टा निघायला हवा होता, तोही छातीचे एक्स-रे बघून झाल्यावर. एक नाही, तीन काढायचे: डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर आणि सरळ. ज्या कुशीवर कुत्रं झोपतं त्या बाजूचं फुप्फुस दबतं आणि त्यातला गोळा लपतो.

म्हणून सुरी शिकायच्या आधी सुई शिक. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक गाठीत सुई घाल, अगदी 'ही तर चरबीच' वाटली तरी. सुईत आलेल्या पेशी काचेवर पसर, लाइशमनचा रंग दे, मायक्रोस्कोपखाली बघ. पहिल्या शंभर काचांत काही कळणार नाही. मग एक दिवस जांभळ्या दाण्यांनी खचाखच भरलेल्या गोल पेशी दिसतील. तो मास्ट सेल ट्यूमर, कातडीतला एक कॅन्सर. एकदा बघितलास की विसरणार नाहीस. त्या गाठीला उगाच चिवडायचं नाही, ती हिस्टामिन (अ‍ॅलर्जीत सूज आणणारं रसायन) सोडते, सुजते, रक्त थांबत नाही. ऑपरेशनच्या आधी अ‍ॅव्हिल टोचून ठेवायचं.

आपल्याकडे पावसात काच वाळत नाही, पेशी फुगतात आणि सगळं धूसर दिसतं. बायकोचा हेअर ड्रायर दवाखान्यात आण, थंड हवेवर ठेव. मायक्रोस्कोप रात्री पेटीत बंद करून ठेवू नकोस, लेन्सला बुरशी धरते. माझी एक लेन्स अशीच गेली, कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी आली होती. आता लाकडी कपाटात पंधरा वॉटचा बल्ब दिवसरात्र जळतो आणि मायक्रोस्कोप त्याच्या उबेला असतो.

(बायकोचा म्हटलं, तुझा स्वतःचाच असेल. सवय.)

दुसरं, काढलेला तुकडा. मी पहिला नमुना कोकम सरबताच्या बाटलीत फॉर्मॅलिन घालून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने मुंबईला पाठवला होता. दुसऱ्या दिवशी पॅथॉलॉजिस्टचा फोन: "डॉक्टर, आत घातलात कसा?" मांस जाताना मऊ होतं, फॉर्मॅलिनने आत कडक झालं, आणि बाटलीचं तोंड रुपयाएवढं. त्यांनी बाटली फोडली. तेव्हापासून रुंद तोंडाची लोणच्याची बरणी. तुकड्याच्या दहापट फॉर्मॅलिन हवं, आणि तुकडा मोठा असेल तर पावाच्या लादीसारखे काप अर्धवट देऊन ठेवायचे, म्हणजे मधोमध नासत नाही. काप द्यायच्या आधी कडेला शाई लावायची. तुकडा टिपून कोरडा करायचा, कापल्या गेलेल्या बाजूंना इंडिया इंक, वरून जरासं व्हिनेगर फिरवलं की शाई धरते. मग पॅथॉलॉजिस्टला सांगता येतं की कॅन्सरची पेशी शाईला टेकली आहे की दूर आहे. टेकली असेल तर आपण आत काहीतरी सोडलंय. आणि काचा त्याच खोक्यात घालू नकोस, फॉर्मॅलिनच्या वाफेने त्यांना रंग धड चढत नाही. या एका चुकीत माझ्या अकरा काचा वाया गेल्या.

किती रुंद कापायचं? सार्कोमाला पुस्तकी नियम सगळ्या बाजूंनी तीन सेंटिमीटर आणि खाली फॅशियाचा (स्नायूंवरच्या चिवट पडद्याचा) एक अख्खा न फुटलेला थर. मास्ट सेलला दोन-तीन. मांजराच्या इंजेक्शनच्या जागी येणाऱ्या सार्कोमाला पाच आणि खाली दोन थर, जे करायला छाती लागते. चरबी कॅन्सरला अडवत नाही, फॅशिया अडवतो, हे लक्षात ठेवलंस तर अर्धं कळलं. भूल दिल्यावर, तिथले केस भादरल्यावर, पट्टी घेऊन मार्करने वर्तुळ काढ आणि मगच सुरी उचल. अंदाजाने कापलं की प्रत्येकाचा हात आपोआप आत आत येतो, कारण मनात 'शिवायचं कसं' चालू असतं. शिवायचा विचार गाठ निघाल्यावर. निघाली की ग्लोव्हज बदल, हत्यारं बदल, मगच जखम बंद कर. नाहीतर आपल्याच चिमट्याने पेशी नव्या जागी पेरून येतो.

मोठं भोक बुजवायला कातडीचे फ्लॅप शिकावे लागतात. रक्तवाहिनीसकट कातडी फिरवून आणायची. मी ते गाडीखाली मेलेल्या भटक्या कुत्र्यांवर शिकलो, हायवेने एवढं एक दिलंय आम्हाला. आणि थोडं माणसांच्या एका सर्जन मित्राकडून, तो तोंडाच्या कॅन्सरची ऑपरेशनं करतो. त्याने माझ्यासमोर उशीच्या अभ्र्यावर फ्लॅप आखून दाखवला होता.

आणि जिथे सुरी नकोच तिथे ओळखता आलं पाहिजे. भटक्या कुत्र्याच्या लिंगावर किंवा योनीत फ्लॉवरसारखी रक्ताळलेली गाठ आली की ती बहुधा टीव्हीटी, एका कुत्र्याकडून दुसऱ्याला लागणारी. कापलीस तर परत येते. व्हिन्क्रिस्टीन हे केमोचं औषध शिरेतून, आठवड्याला एक, चार-सहा इंजेक्शनांत बहुतेक विरघळतात. थेंबही शिरेबाहेर जाता कामा नये, कातडी सडते. आणि देताना तू ग्लोव्हज घाल. घरी लहान मूल आहे म्हणून जास्तच सांगतो.

आता रस्त्याबद्दल. एम.व्ही.एस्सी. सर्जरी अँड रेडिओलॉजीची दोन वर्षं वाया जात नाहीत, पण ती पदवी कॅन्सरची नाही. त्यात हाडं, डोळे, गुरांची पोटं, सगळंच येतं. हाताखालून किती गाठी जातील हे त्या कॉलेजच्या ओपीडीवर अवलंबून. मुंबईत परळ, चेन्नईत वेपेरी अशा शहरातल्या जुन्या कॉलेजांत कुत्र्यांची रीघ असते. परळचं कॉलेज १८८६ चं, वेपेरीचं १९०३ चं. तुला दवाखाना सोडता येत नसेल तर वर्षातून दोनदा पंधरा-पंधरा दिवस कॉलेजच्या सर्जरी विभागात परवानगी घेऊन उभी राहा. पावसाळ्यात जा, तेव्हा तुझ्याकडे तशीही गिऱ्हाइकं कमी. एक पॅथॉलॉजिस्ट मात्र कायमचा जोड. सर्जनपेक्षा त्याने मला जास्त शिकवलं.

शेवटी एक. राणीसारखी कुत्री टेबलावर येऊच नये याचं काम वर्कशॉपशिवाय करता येतं. १९६९ च्या अमेरिकन अभ्यासाचे आकडे आपण सगळ्यांनी घोकलेत: पहिल्या माजाच्या आधी नसबंदी केली तर स्तनांच्या कॅन्सरचा धोका नसबंदी न केलेल्या कुत्रीच्या धोक्याच्या अर्धा टक्का, पहिल्या माजानंतर आठ, दुसऱ्यानंतर सव्वीस. २०१२ मध्ये सगळे जुने अभ्यास तपासून काहींनी म्हटलं की पुरावा वाटतो तितका पक्का नाही. असेल. पण नसबंदीने गर्भाशयात पू होणं तरी टळतं. आमच्याकडे लोक म्हणतात, "एकदा तरी पिल्लं होऊ देत हो डॉक्टर, शाप लागेल." वाद घालून थकलो. आता मी त्यांना फुटलेल्या गाठीचा फोटो दाखवतो.

वेंगुर्ल्याची_पोर

सर, कोकम सरबताची बाटली वाचून इथल्या लॅबमध्ये मोठ्याने हसले, सगळे बघायला लागले.

मी सध्या अमेरिकेत स्मॉल अ‍ॅनिमल इंटर्नशिप करतेय, त्यामुळे फेलोशिपबद्दल सांगते. ताई, ती थेट मिळत नाही. आपल्या पदवीवर इथे बहुतेक ठिकाणी आधी ईसीएफव्हीजी किंवा पेव्ह (परदेशी पदवी इथल्या तोडीची आहे का हे तपासणारे दोन मार्ग) यातलं एक पार करावं लागतं, शिवाय नावली, म्हणजे इथल्या लायसन्सची परीक्षा. मग मॅचमधून (अर्ज आणि जागा जुळवून देणारी पद्धत) वर्षाची इंटर्नशिप, मग सर्जरीची तीन वर्षांची रेसिडेन्सी, मग बोर्डाची परीक्षा, आणि त्या सगळ्यानंतर सर्जिकल ऑन्कोलॉजीची फेलोशिप. रेसिडेन्सीच्या एकेका जागेला अर्जांचा ढीग असतो. मला इथपर्यंत यायला चार वर्षं लागली आणि बाबांनी काजूच्या बागेवर कर्ज काढलंय. मुलाला घेऊन निघायचा विचार असेल तर हिशोब आधी मांडा.

पण इथे बसून एक गोष्ट दिसते ती सांगते. फेलो दिवसभर कापत नाहीत. सकाळी सीटी समोर लावून सर्जन, केमोवाले, रेडिएशनवाले, पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसतात. परवा एका बॉक्सर कुत्र्याच्या गाठीवर पाऊण तास चर्चा झाली आणि ऑपरेशन न करायचं ठरलं. बायोप्सीचा चिरा कुठे द्यायचा यावर तर अक्षरशः भांडण होतं, कारण तो चिरा पुढच्या ऑपरेशनच्या वर्तुळात यायला हवा, नाहीतर सुईच्या वाटेने पेशी बाहेर राहतात. मी गावी असताना बायोप्सी जिथे सोपी तिथे घ्यायचे.

हाडांच्या कॅन्सरवर तर कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत खूप काम झालंय. डॉ. स्टीफन विथ्रो यांनी तिथे प्राण्यांच्या कॅन्सरचं केंद्र उभं केलं, कुत्र्याचा पाय न कापता फक्त हाडाचा रोगट भाग काढून पाय वाचवण्याच्या ऑपरेशनासाठी ते ओळखलं जातं. तुम्हाला देवगडात ते करायचं नाहीये. पण ते लोक काय बघून ठरवतात हे लेक्चरांतून घरी बसून शिकता येतं. युरोपात ईएसएव्हीएससारख्या संस्थांचे काही दिवसांचे ऑन्कोलॉजीचे कोर्स असतात, महाग आहेत, पण पुण्या-मुंबईच्या वर्कशॉपला तीनदा जाण्यापेक्षा एकदा तिथे जाऊन या असं मी म्हणेन. सरांना हे पटणार नाही.

बिनशिंगी_बैल

नाही पटलं. पण बायोप्सीच्या चिऱ्याचं लिहिलंस ते मी विसरलो होतो, बरं झालं.

बागवाला_कुडाळ

मी डॉक्टर नाही, कुत्रेवाला आहे. वरच्या घाटावरच्या डॉक्टरांनी पैसे मोजणारे किती असं विचारलंय म्हणून लिहितो.

आमचा शेरू डॉबरमन. पुढच्या डाव्या पायाला, पंजाच्या जरा वर, सूज आली. मुरगळला असेल म्हणून आम्हीच महिनाभर तेल चोळलं. एक्स-रेत हाड वाळवी लागल्यासारखं दिसलं. नंतर कळलं की मोठ्या जातीच्या कुत्र्यांत हाडाचा कॅन्सर पुढच्या पायात कोपरापासून लांब आणि मागच्या पायात गुडघ्याजवळ येतो, डॉक्टरांची ती पाठच असते. खांद्यापासून पाय काढायचा म्हटल्यावर आई म्हणाली, "तीन पायांनी तो चलतलो कसो? त्यापेक्षा सोडून दे त्याका." शेवटी पाय काढला. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठून मुतायला गेला. पंधराव्या दिवशी केळीत शिरलेल्या वानरांमागे धावला आणि वळताना पडला, उठला, परत धावला. आई खळ्यात उभी राहून रडत होती आणि वानरांना शिव्या घालत होती. केमोच्या चार फेऱ्या केल्या. अकरा महिने मिळाले.

आम्हाला पैशापेक्षा प्रवासाने मारलं. टाके बघायला, केमोला, दर वेळी गाडी करून परगावी, आणि पावसात घाट बंद. ऑपरेशन तिकडे होऊ दे, पण पुढचं सगळं बघणारा कोणीतरी इथे असता तर आईने एवढे हाल बघितले नसते. मॅडम, देवगडाहून कुडाळ लांब नाही, एवढंच सांगतो.

देवगडची_डॉक्टर

सगळ्यांचे आभार. परदेशाचं मनातून काढलं. बॉक्सरचं ऑपरेशन न करायचं ठरलं ते मात्र डोक्यात बसलंय.

बागवाले दादा, तुम्ही लिहिलंत तो कोन मी धरलाच नव्हता. केमोच्या फेऱ्या आणि ड्रेसिंग इथे करायचं आणि मोठं ऑपरेशन बाहेर, असं दोन सर्जनशी बोलून ठरवता येईल. गॅसच्या भुलेचं मशीन घेईपर्यंत मी स्तनांचा पूर्ण पट्टा काढणार नाही, हे घाटावरच्या डॉक्टरांसाठी.

सर, काल तुमचं वाचून तीन कुत्र्यांना सुई घातली. दोन काचांवर नुसती चरबी. तिसरी गाठ एका गावठी कुत्र्याच्या कानामागे होती, मालक म्हणाला गोचिडीची आहे. काच ड्रायरने वाळवली, लाइशमन केलं. गोल पेशी दिसतायत, काहींत जांभळे दाणे आहेत, काही अगदीच रिकाम्या. फोटो मोबाइलवर काढला तर काळी कड येते. तुम्हाला काचच पाठवली तर चालेल का? उद्या रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये ओळखीचा ड्रायव्हर आहे, चिपळूणला पहाटे अडीचला उतरवतो.

बिनशिंगी_बैल

पाठव. अडीचला मी जागाच असतो. त्या गाठीला तोपर्यंत कोणी हात लावू नये म्हणून सांग, आणि मालकाला म्हणावं गोचीड समजून ओढू नको.